मामंजींची पद्मिनी

जुनी मोटार बाळगणं हा राजेरजवाड्यांचा, नाहीतर मुंबईच्या शेठजींचा शौक, असा आपल्याकडे समज आहे. वर्षातून एकदा वर्तमानपत्रात फोटो येतात, फेटे बांधलेली मंडळी चकचकीत गाड्यांतून मिरवत असतात, आपण पान उलटतो. पण तुमच्या-माझ्यासारख्या घरांच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एखादी फियाट नाहीतर अँबॅसिडर वर्षानुवर्षं उभी असते, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तिच्या टपावर पापड वाळतात, मांजर तिच्यात विते, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ‘यंदा ही काढून टाकायची’ असं ठरतं. ती काढावी की ठेवावी, ठेवली तर तिच्यावरचं किती काम बाईमाणसाच्या हातानं होतं, एवढंच मला सांगायचं आहे. २०२२ पासून मी तेच करते आहे, शाळेचे अर्धवेळ तास आणि घरचं सगळं सांभाळून.

आमची गाडी म्हणजे १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी. घरात मात्र सगळे तिला फियाटच म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि पुढे तिथे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यातल्या जुन्या गोलमटोल गाडीला लोक लाडानं ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ‘११०० डी’ आली. तिचंच नाव १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. म्हणजे सासर बदललं, नाव बदललं, बाई तीच! इंजिन तेच १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मामंजींनी नंबर लावला तेव्हा थोरले भाऊजी रांगत होते आणि गाडी दारात आली तेव्हा ते बालवाडीत जात होते, असं सासूबाई सांगतात.

माझं लग्न झाल्यावर मला गाडी चालवायला मामंजींनीच शिकवलं, याच गाडीवर. मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तसं आमच्या शेडमध्येही शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. पाणी गाडीच्या सीटच्या वर गेलेलं खिडकीतून दिसत होतं. पूर ओसरल्यावर सगळे घरातला गाळ उपसत असताना मामंजी एकटे गाडीपाशी गेले. त्यांनी इंजिनातलं ऑइल सोडून दिलं (ते अगदी दुधाळ चहाच्या रंगाचं झालं होतं), चारही प्लग काढले आणि त्या भोकांतून नवीन ऑइल ओतून ठेवलं. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा जीव रमवायचा उद्योग. पुढे दुसरं वर्ष टाळेबंदीत गेलं, आणि २०२१ मध्ये मामंजी गेले. गाडी होती तशीच उभी.

वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा विषय निघाला. भंगारवाला वजनावर पैसे द्यायला तयार होता. शेड पाडून तिथे एक खोली बांधावी, भाड्यानं द्यावी, असं भाऊजींचं म्हणणं. ते काही वावगं नव्हतं. ह्यांचं म्हणणं नेहमीप्रमाणे दोन्हीकडून! सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण त्यांचे गुडघे गेलेले, स्कूटरवर बसवत नाही, रिक्षात चढवत नाही. पुरानंतर त्या घराबाहेर पडल्या त्या फक्त दवाखान्यात. नव्या गाडीचा हप्ता आमच्या दोघांच्या पगारात बसत नव्हता. मी म्हटलं, मला एक वर्ष द्या. वर्षात गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली नाही, तर मीच भंगारवाल्याला फोन करीन.

रंग बघू नका, तळ बघा

मैत्रिणींनो, घरची गाडी ठेवायची असो की कुणाकडून जुनी विकत घ्यायची असो, पहिली गोष्ट ही. माणसं रंग बघतात, सीटची कव्हरं बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. इंजिन दुरुस्त होतं हो! जे सहजासहजी होत नाही ते म्हणजे पत्र्याचं काम. जीपसारख्या किंवा ट्रकसारख्या गाडीला खाली वेगळी चासीस असते आणि वर बॉडी ठेवलेली असते. फियाटचं तसं नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे पायाखालचा पत्रा आणि दारांखालची पोकळ पट्टी गंजून गेली असेल तर ती नुसती कुरूपता नव्हे, गाडीचा कणाच मोडला म्हणायचा.

तपासायची युक्ती सोपी आहे. फ्रिजवर चिकटवतो तसलं लोहचुंबक घ्यायचं, रंगाला ओरखडा नको म्हणून पातळ रुमालात गुंडाळायचं आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, दिव्यांच्या भोवती फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरून वर रंग मारलेला आहे. मग आतलं पायपुसणं उचलून जमिनीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघायचा. टणक आवाज आला तर ठीक, पापडासारखा कुरकुरला तर खर्च. डिकीत स्टेपनीच्या खाली आणि बॅटरीच्या खालीही बघायचं. बॅटरीतलं आम्ल गळून तिथला पत्रा बहुतेक गाड्यांत खाल्लेला असतो.

आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली तळहातावढी दोन भोकं निघाली आणि दारांच्या आत पुराचा गाळ वाळून विटेसारखा झाला होता. तो मी आणि माझ्या मुलानं दारांची आतली पुठ्ठ्याची अस्तरं काढून, पाणी मारमारून सुट्टीच्या दोन रविवारी काढला. गंजलेला भाग मात्र कापूनच काढावा लागतो. वरून रंग फासला की गंज आत सुखानं वाढत राहतो. नवा पत्रा वेल्डिंग करून, त्यावर रेड ऑक्साइड आणि मग रंग. वेल्डिंग हे आपलं काम नव्हे, आणि करवून घ्यायचं तर पेट्रोलची टाकी आधी काढून दूर ठेवायला सांगा. स्वतः उभं राहून बघा.

मिस्त्री कसा मिळाला

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा तिथला मालक सगळं ह्यांच्याकडे बघून बोलत होता. प्रश्न मी विचारायचे, उत्तर ह्यांना! बॉनेटसुद्धा न उघडता त्यानं एक लाख ऐंशी हजारांचा आकडा सांगितला. आम्ही नमस्कार करून परत आलो.

मग मिरजेचे एक वयस्क मिस्त्री मिळाले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजात काढलेली माणसं ही. मुंबईची काळीपिवळी म्हणजे पद्मिनीच होती ना! त्या टॅक्सींमुळेच हिचे सुटे भाग कारखाना बंद पडल्यावरही बाजारात मिळत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. चाचांनी आमची गाडी बघितली, प्लगच्या भोकातून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं ऑइल मला दाखवलं आणि विचारलं, “हे कुणी घातलं?” मी म्हटलं, मामंजींनी. “मग इंजिन जिवंत आहे, बाई.” त्या ऑइलमुळे सिलिंडर गंजले नव्हते. चौथ्या गिअरला टाकून आम्ही गाडी हळूच मागेपुढे ढकलली आणि इंजिन फिरलं.

चाचांची अट एकच होती. वयामुळे खाली वाकणं होत नाही, तेव्हा “खोलायचं तुम्ही, बघायचं मी.” दर रविवारी दोन तास. मला आणखी काय हवं होतं!

सुरुवातीला पान्यांचा एक संच घेतला. फियाटचे नट मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि अँबॅसिडरचे इंची मापाचे, म्हणून शेजाऱ्यांकडून पाने उसने आणण्यात अर्थ नसतो. न बसणाऱ्या पान्यानं नटाच्या कडा झिजल्या की तो नट जन्मभर तुमच्याशी भांडतो. एक फीलर गेज घ्या, म्हणजे पातळ पोलादी पात्यांची छोटीशी वही, फटी मोजायला. आणि मसाल्याचा जुना डबा! प्रत्येक वाटीत एकेका भागाचे नट-वॉशर, झाकणावर चिठ्ठी. काहीही खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढायचा. मुलांच्या वह्या तपासून आपल्याला टापटिपीची सवय असतेच.

कपड्यांचं सांगायलाच हवं. इंजिनासमोर पंखा पट्ट्यावर फिरत असतो, तेव्हा पदर, ओढणी, मोकळी वेणी अजिबात नको. बांगड्या आणि अंगठी काढून ठेवायच्या, मंगळसूत्रही आत घ्यायचं नाही, काढूनच ठेवायचं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोनं-चांदी आली तर क्षणात तापून चटका बसतो. सासूबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं. कारण सांगितल्यावर त्याच देव्हाऱ्यात वाटी ठेवायला लागल्या. बॅटरी सोडवताना आधी उणे बाजूची तार काढायची, जोडताना ती शेवटी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. लोखंडी स्टँड लावून, उरलेल्या चाकांना दगड लावून मगच.

घरातलं कसब

आपल्याला वाटतं त्यापेक्षा यातलं पुष्कळ काम आपल्याला आधीपासून येत असतं. इंजिनाचं वरचं हेड उतरवल्यावर आठ व्हॉल्व्ह निघाले. ते आपापल्या जागी हवाबंद बसावेत म्हणून त्यांना घासायचं असतं. कडेला घासायची पेस्ट लावायची, रबरी टोपी असलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ती दोन तळहातांत धरून मागेपुढे फिरवायची. थोडक्यात, रवी! मी करत होते, पण हात लवकर दुखत होते. ओट्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “असं नाही गं, मनगटातून नाही, कोपरातून.” आणि पन्नास वर्षं ताक घुसळलेल्या त्या हातांनी पाच व्हॉल्व्ह त्यांनी एकटीनं घासले. नंतर हेड उलटं ठेवून वाटीत रॉकेल ओतायचं आणि बघायचं, खाली पाझरतं का. त्यांचा एकही पाझरला नाही. माझ्या तीनांपैकी एक पुन्हा घासावा लागला, हे त्या अजून पाहुण्यांना सांगतात.

हेड परत बसवताना त्याचे नट मधून सुरू करून कडेकडे, आणि एकदम नव्हे तर दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे, मापाच्या पान्यानं. घाई केली की हेड वाकतं आणि सगळं मुसळ केरात. हेड सपाट करून घ्यायला ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेलं होतं. ओतकाम आणि लेथची ही वसाहत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या यंत्रांचं माहेरच! तिथे काहीही घडवून मिळतं. न मिळणारा सुटा भाग तुटका का होईना, नमुन्याला जवळ ठेवा, टाकू नका.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं. त्यात पितळेचे अगदी बारीक भोकांचे जेट असतात. कचरा अडकला की गाडी अडखळते. इथे आपला हात स्टोव्हच्या पिनेकडे जातो. ती पिन इथे मुळीच चालवायची नाही. पितळ मऊ, भोक एका केसाएवढं मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलमध्ये बुडवून हवेनं फुंकायचं, बस्स. १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फॉर्झहाइमला गेली, शंभरावर किलोमीटर. मोटारीचा तो जगातला पहिला लांबचा प्रवास. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. पण ती नळी होती, जेट नव्हे! इंधन तिनं औषधाच्या दुकानातून घेतलं आणि ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि त्या कारखान्यात पैसा घातला होता तिच्या हुंड्याचा, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

प्लगचे रंग वाचायला शिकलात तर गाडी स्वतः बोलते. टोक गव्हाळ असेल तर तब्येत उत्तम. काजळीसारखं काळं, कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओलं असेल तर इंजिनात ऑइल वर चढतंय, मिस्त्रीला बोलवा. प्लगच्या तारा काढाल तेव्हा त्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधा, हिचा पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असा आहे.

पुराच्या पाण्यानं वायरिंगचे सांधे हिरवे पडले होते. ते एकेक पॉलिश पेपरनं घासून उजळले. पुरात गल्लीतल्या नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर गेले आणि त्या मोडीत निघाल्या. हिच्यात कॉम्प्युटरच नाही, म्हणून ही वाचली. गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्यातलं ऑइलही दुधाळ झालं होतं, ते बदललं. बुडालेल्या गाडीत इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, हे दोन राहून जातात.

ब्रेक आणि स्टिअरिंग मी चाचांवर सोपवलं आणि तुम्हीही सोपवा. चारही चाकांचे ड्रम गंजून धरले होते. आतले रबराचे भाग नवे घातले. आपण करायचं ते एवढंच, की दर महिन्याला ब्रेक ऑइलची पातळी बघायची आणि ती उतरत असेल तर नुसतं ओतत न राहता गळती शोधायची. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, लगेच पाण्यानं धुवा.

आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी केलेल्या नाहीत, त्या चिकट होतात, तडकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यानं टाकी आतून गंजते. तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्या आणि महिनोन्‌महिने जुनं पेट्रोल साठवून गाडी उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं चालवून आणा. नुसतं जागेवर सुरू करून बंद करण्यात फायदा नाही.

गाडी कुणाच्या नावावर?

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते’ असं आमच्या पाहुण्यांत सगळे छातीठोक सांगत होते. दिल्लीच्या आसपासचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडी तपासणीत उतरली की पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पर्यावरण कर भरावा लागतो, आणि २०२२ पासून फेरनोंदणीचं शुल्कही बरंच वाढलं आहे, तेव्हा आधी चौकशी करून मगच पैशाचा हिशोब मांडा. विमा आणि धुराचं प्रमाणपत्र हवंच. पन्नास वर्षं पुरी झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पण ती गाडी मग रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून आम्हाला त्याची घाई नाही. आमची पन्नाशी २०३१ मध्ये.

मालक वारला तर तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, फॉर्म ३१. बाकीच्या वारसांची संमती लागते. सून ही वारस नव्हे, हे मला त्या खिडकीपाशी कळलं. म्हणून मामंजींच्या मागे गाडी आधी सासूबाईंच्या नावावर झाली. नोंदणीचं कार्ड घरी आलं तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी! घर मामंजींच्या नावावर, शेत दिरांच्या, गॅस ह्यांच्या. कुठल्याही सरकारी कागदावर ‘मालक’ या शब्दापुढे त्यांचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी स्वतःच ती माझ्या नावावर करायला सांगितली. भाऊजींना त्यांनीच फोन केला. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, पण त्यांची संमतीची सही पुढच्याच आठवड्यात पोस्टानं आली आणि सोबत पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली मागच्या दिव्याची एक काचही.

खर्चाची वही माझ्याकडे आहे. तीन वर्षांत मिळून एक लाख अडतीस हजार झाले, त्यातले निम्म्याहून जास्त पत्रा आणि रंग. हे पैसे एकदम नव्हे, शिकवणीच्या फीतून थोडे थोडे गेले. शिवाय ही गाडी विकली तर ते सगळे परत येतील अशी आशा कुणी धरू नये. ज्यांना ‘गुंतवणूक’ म्हणून जुनी गाडी घ्यायची आहे त्यांनी सरळ पोस्टात पैसे ठेवावेत.

मागितलेलं वर्ष संपायला अकरा दिवस असताना गाडी फाटकाबाहेर गेली. आता दर गुरुवारी सासूबाईंना घेऊन मी नृसिंहवाडीला जाते. पुढची सीट सलग आणि उंच, त्यामुळे त्यांना पाय वळवून बसायला सोपं जातं. दिवसभर आवाज करणारा मागचा पाटा अजून बदलायचा आहे. डावीकडच्या मागच्या दाराची काच वर-खाली करायचं हँडल नाही, तिथे सध्या पक्कड अडकवून ठेवली आहे.